पाच टनांचे चाक आणि सापडलेले पुस्तक

आमच्या माढ्याला रेल्वे स्टेशन आहे. पण लहानपणी आम्हांला रेल्वे म्हटले की कुर्डुवाडीच आठवायची. आषाढीच्या दिवसांत मुंबईकडून आणि सोलापूरकडून मोठ्या गाडीने आलेले वारकरी तिथे उतरायचे, गाठोडी डोक्यावर घ्यायचे आणि पलीकडे उभ्या असलेल्या छोट्या गाडीत चढायचे. माणसे निदान स्वतःच्या पायांनी चालत जात. मालाचे तसे नव्हते. एका डब्यातले प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून उतरायचे आणि दुसऱ्या डब्यात चढायचे. कारण मोठ्या गाडीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर होते आणि बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांत अडीच फुटांचे. पोती तीच, जायचे ठिकाणही ठरलेले. पण इकडचा डबा तिकडच्या रुळावर चालत नव्हता.

आज मला रेल्वेबद्दल नव्हे, ग्रंथालयांबद्दल बोलायचे आहे. अनेक ग्रंथालयांनी एकत्र येऊन यंत्रे, नोंदी आणि सेवा सामायिक कशा कराव्यात, हा माझा विषय. पण उभी हयात ग्रंथालयात काढल्यावर या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला कुर्डुवाडीचा तो फलाटच दिसतो. का दिसतो, ते पुढे सांगतो.

माझी नोकरी सकाळी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि संध्याकाळचे दोन तास गावच्या वाचनालयात मानद काम, असा माझा अनेक वर्षांचा दिनक्रम होता. १९९६ सालची गोष्ट. अंगणवाडीत काम करणाऱ्या एक बाई बहिःस्थ विद्यार्थिनी म्हणून शिवाजी विद्यापीठाची एम.ए. करत होत्या. तेव्हा सोलापूर जिल्हा त्याच विद्यापीठाकडे होता. त्यांना हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' हवी होती. आमची प्रत गहाळ झालेली. मी म्हणालो, "सोलापूरला बघा." एक दिवसाची रजा घालवून, एसटीचे भाडे मोडून त्या गेल्या. तिथल्या वाचनालयाच्या त्या सभासद नव्हत्या, आणि प्रतही कोणीतरी नेलेली होती. त्या आठवड्यातून दोनदा येऊन विचारायच्या, "सर, पुस्तक आलं का?" पुस्तक काही आले नाही. परीक्षा झाली.

त्याच उन्हाळ्यात सीना नदीकाठच्या एका गावच्या वाचनालयात कार्यक्रमासाठी गेलो होतो. अंतर आमच्यापासून फार तर बारा किलोमीटर. चहा येईपर्यंत कपाट उघडून बसलो, तर तळाच्या फळीवर ती कादंबरी! आतल्या चिठ्ठीवर कित्येक वर्षांत एकही तारीख पडलेली नव्हती. वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत मात्र तिची व्यवस्थित नोंद होती, जुन्या शुद्धलेखनाप्रमाणे 'लक्षांत' वर अनुस्वार देऊन. पुस्तक मागून घेतले आणि बाईंना नेऊन दिले. त्या म्हणाल्या, "आता काय करू सर त्याचं? पेपर झाला की." मग मुखपृष्ठाकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "नावच बघा की पुस्तकाचं!"

ते हसणे मला बरीच वर्षे पुरले. पुस्तक तालुक्यात होते, वाचक तालुक्यात होता, ग्रंथपालही होता; नव्हती ती फक्त एकाची खबर दुसऱ्याला देणारी व्यवस्था. अशी व्यवस्था उभी करण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत, असे मात्र नाही. ते शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत आणि त्यांचा इतिहास आजही उपयोगी पडावा असा आहे.

पहिला मोठा प्रयत्न बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले, पण त्या तीन वर्षांत एका संस्थानाची सगळी ग्रंथालये एकाच आराखड्यात बसवली गेली. मध्यभागी बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली प्रांतांची आणि शहरांची, शेवटी खेड्यांची. जिथे वाचनालयही नव्हते तिथे लाकडी पेटीतून पुस्तके जात. काही महिने पेटी एका गावात राही, मग दुसऱ्या गावाला निघे. मराठी आणि गुजराती, दोन्ही भाषांतल्या वाचकांची सोय होती.

या योजनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पेटी नव्हे, तर पैशांची वाटणी. गावकऱ्यांनी एक वाटा जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने घालायचा आणि तेवढाच सरकारने. त्यामुळे वाचनालय सरकारचे आहे असे गावाला वाटले नाही आणि गाव एकटेही पडले नाही. पुढे येणाऱ्या प्रत्येक योजनेला या कसोटीवर घासून बघता येते : पैसे कोण देतो, आणि देणाऱ्याला आपले काही आहे असे वाटते का?

दुसरा प्रयत्न आपल्या मुंबई इलाख्यातला. १९३९ साली सरकारने आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली आणि १९४० मध्ये तिचा अहवाल आला. मध्यवर्ती, प्रादेशिक, जिल्हा, तालुका, मोठे गाव आणि लहान गाव अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना समितीने सुचवली. सोलापूर जिल्हा इलाख्यातच असल्यामुळे कागदावर माढ्याचीही एक पायरी त्यात होती. अहवाल चांगला होता, पैसा नव्हता. पुढे वरच्या एकदोन पायऱ्या बांधल्या गेल्या, खालच्या बराच काळ तशाच राहिल्या. जिना वरून बांधायला घेतला की असे होते.

१९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. हिंदुस्थानातला हा असा पहिला कायदा मानला जातो. १९४८ मध्ये डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून मद्रासचा कायदा आला आणि १९६७ मध्ये महाराष्ट्राचा. महाराष्ट्राच्या कायद्याने एक वेगळी वाट धरली. लोकांनी चालवलेली वाचनालये लोकांकडेच ठेवायची, सरकारने त्यांना मान्यता आणि अनुदान द्यायचे. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग पाडले गेले. या धोरणाचे फळ म्हणजे आज राज्यात अकरा-बारा हजार मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालये आहेत. आमच्या भागात एखाद्या गावाला धड रस्ता नसे, पण वाचनालयाची पाटी असे. त्याची दुसरी बाजू अशी, की प्रत्येक वाचनालय आपापल्या तपासणीला आणि आपापल्या अनुदानाला जबाबदार. शेजारच्या वाचनालयाशी त्याचा संबंध यावा अशी गरजच कुठे निर्माण झाली नाही. जिल्ह्याचा ग्रंथालय संघ असतो, अधिवेशने होतात, ठराव होतात. पण शेजारच्या गावच्या कपाटात काय आहे, हे ठरावातून कळत नाही.

मग हे कळावे कसे? आपल्याकडे एका माणसाने याचे उत्तर जवळजवळ एकट्याने शोधले होते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली आणि पुढे १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा दुसरा खंड केला. ना संगणक, ना अनुदान. त्यांची 'मराठी ग्रंथसूची' आमच्या पिढीच्या ग्रंथपालांच्या टेबलावर पंचांगासारखी असायची. मराठीत कोणते पुस्तक निघाले, हे तीत सापडते. आम्हांला हवी असलेली पुढची पायरी एवढीच होती, की ते पुस्तक आज कोणत्या गावात आहे.

हीच पायरी अमेरिकेत यंत्राने गाठली. त्याची हकीकत अशी. ओहायो राज्यातली ५४ महाविद्यालये १९६७ साली एकत्र आली. त्यांची अडचण आपल्या ओळखीची आहे. एकच नवे पुस्तक ५४ ठिकाणी विकत घेतले जायचे आणि ५४ ग्रंथपाल तेच पुस्तक हातात घेऊन तीच नोंद पुन्हा पुन्हा लिहायचे. फ्रेडरिक किलगोर या ग्रंथपालाने सुचवले, की नोंद एकानेच करावी, ती सर्वांच्या संगणकात राहावी आणि बाकीच्यांनी तीच वापरून 'आमच्याकडेही प्रत आहे' एवढी खूण करावी. १९७१ च्या ऑगस्टमध्ये हे काम प्रत्यक्ष सुरू झाले. यातली मेख लक्षात घ्या. खूण केली ती श्रम वाचवण्यासाठी. पण ५४ जणांनी खुणा केल्यावर कोणते पुस्तक कोठे आहे याची यादी आपोआप तयार झाली. आज ओसीएलसी या नावाने ती संस्था जगभरातल्या ग्रंथालयांच्या नोंदी सांभाळते. मुळात ती होती एका राज्यातल्या महाविद्यालयांची वर्गणीतून चाललेली व्यवस्था.

अर्थात यासाठी एक अट आधी पुरी झालेली होती. यंत्राला वाचता येईल अशी नोंद कशी लिहावी, लेखक कोठे, शीर्षक कोठे, साल कोठे, याचा नमुना अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट ॲव्हराम या बाईंनी १९६० च्या दशकात तयार केला होता. त्याला 'मार्क' म्हणतात. म्हणजे रुळांची रुंदी आधी ठरली, गाडी मागून धावली.

आता आपल्याकडचा अनुभव ऐका. त्या कादंबरीच्या प्रकारानंतर आम्ही तालुक्यातल्या पाच वाचनालयांनी एकत्र यादी करायचे ठरवले. दोन ठिकाणी संगणक नुकतेच आले होते. उत्साहाने काम सुरू झाले. एकाने एका कंपनीच्या मराठी अक्षरांत नोंदी टंकल्या, दुसऱ्याने दुसऱ्या. फ्लॉपी घेऊन मी या गावातून त्या गावात गेलो, फाइल उघडली, आणि पडद्यावर उमटली ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. त्या काळात पडद्यावर 'आपटे' दिसले तरी यंत्राच्या पोटात 'आपटे' नसायचे. त्या त्या फाँटने ठरवलेल्या भलत्याच खुणा असायच्या. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्येच ठरले होते, पण बाजारातला प्रत्येक फाँट आपापल्या वाटेने चालला होता. साडेपाच फूट आणि अडीच फूट! मी कुर्डुवाडीचा हमाल झालो. एका यादीतले एकेक पुस्तक दुसऱ्या यादीत हाताने पुन्हा टंकत बसलो.

शेवटी आम्ही संगणक बाजूला ठेवला आणि दोनशे पानी वह्या आणल्या. वह्या पुऱ्या झाल्या तेव्हा जे दिसले त्याने आम्ही सगळेच वरमलो. तीच गाजलेली पाचदहा पुस्तके पाचही ठिकाणी होती, काही ठिकाणी तर दोन दोन प्रती. आणि डाळिंबावर एकही धड पुस्तक पाचांपैकी कोणाकडे नव्हते. मुलांसाठी विज्ञान नव्हते, बायकांच्या आरोग्यावर नव्हते. प्रत्येकाने आपल्या परीने शहाणपणाने खरेदी केली होती, पण पाच शहाणपणांची बेरीज शहाणपणाची झाली नव्हती.

मग ठरले, की लोकप्रिय पुस्तके ज्याची त्याने घ्यावीत, पण प्रत्येक वाचनालयाने एकेक विषय सांभाळावा. एकाने शेती, एकाने बालवाङ्मय, एकाने स्पर्धा परीक्षा, याप्रमाणे. पुस्तके न्यायची-आणायची कशी? दुसऱ्या गावात नोकरीला जाणारे शिक्षक, दूध घेऊन जाणारा टेम्पो, यांच्याबरोबर पिशवी पाठवायची. एका वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "आमचं पुस्तक तुमच्या गावात हरवलं तर तपासणीला उत्तर कोण देणार?" रास्त प्रश्न होता. प्रत्येकाने थोडे पैसे घालून सामायिक निधी केला आणि हरवलेल्या पुस्तकाची किंमत त्यातून भरायचे ठरले. निधीला हात लावायची वेळ फारच क्वचित आली. लोक परगावचे पुस्तक घरच्यापेक्षा जपून वापरतात, हे तेव्हा कळले.

ही व्यवस्था काही वर्षे चालली आणि मग थांबली. भांडण झाले नाही. दोन चिटणीस बदलले, टेम्पोवाल्याने मार्ग बदलला, वह्यांत नव्या नोंदी होईनाशा झाल्या. सगळे परस्पर ओळखीवर चालले होते. ओळखी गेल्या, व्यवस्था गेली. कोणी काय करायचे हे लिहून ठेवलेला साधा करारही आम्ही केला नव्हता. ही चूक माझी, आणि ती मी इतरांना मुद्दाम सांगतो.

दरम्यान महाविद्यालयाच्या बाजूला वारे निराळे वाहत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ मध्ये इन्फ्लिबनेट हा उपक्रम सुरू केला होता. ग्रंथालयांसाठी त्यांची 'सोल' नावाची संगणक प्रणाली आली. तिच्या २००९ मधल्या आवृत्तीत युनिकोड आले आणि मराठी नोंदींच्या खिचडीचा प्रश्न सुटला. २००४ पासून विद्यापीठांसाठी संशोधन नियतकालिकांची एकत्रित खरेदी सुरू झाली आणि २०१० मध्ये एन-लिस्ट ही योजना महाविद्यालयांपर्यंत आली. वर्षाला सुमारे पाच हजार रुपयांच्या वर्गणीत हजारो नियतकालिके आणि लाखभर ई-पुस्तके! एकट्याने घ्यायची म्हटली असती तर आमच्या महाविद्यालयाला त्यांतली चार नियतकालिकेही परवडली नसती. हजारो महाविद्यालयांच्या वतीने एकाने सौदा केला, म्हणून ते शक्य झाले. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, आणि ती वाचायची मुभा सुमारे ६,३०० सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांना.

तर २०१० नंतर माझा दिवस असा जायचा. सकाळी महाविद्यालयात बसून मी केंब्रिज आणि ऑक्सफर्डची नियतकालिके उघडत असे. संध्याकाळी वाचनालयात बसून मला बारा किलोमीटरवरच्या कपाटात काय आहे, ते ठाऊक नसे. दोन्ही टेबलांत अंतर होते पाच मिनिटांच्या चालीचे. ही तक्रार नव्हे. पहिल्या टेबलावर जे झाले ते पाहूनच वाटते, की दुसऱ्यावरही ते होऊ शकेल. फक्त पहिल्याची नक्कल करून चालणार नाही, कारण महाविद्यालयाला विकतची इंग्रजी नियतकालिके हवी होती, आणि गावच्या वाचनालयाजवळ आधीच असलेली मराठी पुस्तके परस्परांना दिसायला हवी आहेत.

इथे पुन्हा कुर्डुवाडीला जाऊ. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, प्रथम कुर्डुवाडी ते बार्शी. मग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. मोठे रूळ टाकण्याइतका पैसा नव्हता. वजनाला हलके, म्हणून स्वस्त, असे रूळ वापरायचे होते. तेव्हा कॅलथ्रॉपने नियम केला, की इंजिन असो वा मालडबा, चाकांच्या कोणत्याही एका जोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. वजन जास्त असेल तर चाके वाढवा, पण प्रत्येक जोडीला पाच टनच. जगभरच्या रेल्वेवाल्यांनी त्याचे हे काम पाहिले. त्याने आपली आखणी सर्वांत ताकदवान इंजिनापासून सुरू केली नाही. सर्वांत हलक्या रुळापासून केली.

ग्रंथालयांची सामायिक योजना आखताना नेमके उलटे होताना मी पाहिले आहे. बैठक जिल्ह्याच्या ठिकाणी असते. आराखडा मोठ्या ग्रंथालयाला शोभेल असा होतो : सर्व्हर, वातानुकूलित खोली, तज्ज्ञ कर्मचारी, प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीचे तीसचाळीस रकाने. मग तो 'ड' वर्गाच्या वाचनालयाकडे जातो. तिथे अर्धवेळ काम करणारा एक माणूस, एक खोली, संध्याकाळची वीज बेभरवशाची. पहिल्याच महिन्यात रूळ वाकतो, आणि अहवालात लिहिले जाते, की ग्रामीण ग्रंथालयांचा प्रतिसाद मिळाला नाही.

हलक्या रुळापासून आखणी करून यश आल्याचे उदाहरण दूरचे आहे, पण गाव आपल्यासारखेच लहान. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या भागात लेव्हिन हे मुख्य गाव. तिथल्या ग्रंथालय न्यासाची जुनी संगणक प्रणाली सन २००० उजाडल्यावर चालणार नव्हती. नव्या प्रणाली महाग होत्या, आणि शाखा जोडायला टेलिफोनची साधी तारच होती. त्यांनी एका छोट्या कंपनीकडून त्या तारेवर चालेल अशी प्रणाली लिहून घेतली आणि २००० च्या जानेवारीत ती सुरू केली. नाव ठेवले 'कोहा'. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. आणि खरोखरच ती जगाला भेट दिली. कोणीही फुकट घ्यावी, बदलावी, पुढे द्यावी. आज भारतातली कितीतरी ग्रंथालये कोहा वापरतात. आपल्या राष्ट्रीय सूचना केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणालीही आहे. तेव्हा प्रणाली मिळत नाही हे कारण आता उरलेले नाही.

मग आधी काय ठरवायचे? माझ्या अनुभवातून पाच गोष्टी सांगतो.

पहिली, नोंद. युनिकोडने अक्षरांचा प्रश्न सोडवला, नावांचा नाही. 'लक्षांत' आणि 'लक्षात' हे यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी कितीतरी अनुस्वार गेले, त्यामुळे जुन्या मराठी पुस्तकांपैकी पुष्कळांची अशी दोन नावे आहेत. कोणी कुसुमाग्रज लिहितो, कोणी वि. वा. शिरवाडकर, कोणी आरती प्रभू, कोणी चिं. त्र्यं. खानोलकर. दोन्ही नावांखाली एकच माणूस सापडला पाहिजे, हे कोणीतरी एकदा बसून ठरवायला हवे. हे काम मोठ्या ग्रंथालयांनी करावे. लहान वाचनालयाने फक्त लेखक, शीर्षक, प्रकाशक, साल आणि 'आमच्याकडे आहे' एवढेच नोंदवावे. तेही मोबाइलवर, आणि ते न जमल्यास वहीत. पाच टन म्हणतात ते हेच.

दुसरी, माणूस. प्रत्येक वाचनालयात संगणकतज्ज्ञ नेमणे अशक्य आहे, पण तालुक्याला मिळून एक असू शकतो. दूध संघात प्रत्येक शेतकरी शीतकरण केंद्र बांधत नाही. गाय ज्याची त्याच्या दारी, केंद्र सर्वांचे.

तिसरी, पिशवी. पुस्तक कोठे आहे हे कळून ते वाचकाच्या हाती पडत नसेल, तर यादीने त्याचे दुःखच वाढते. आठवड्यातून एक ठरलेला दिवस आणि एक ठरलेला माणूस हवा.

चौथी, पैसा. बडोद्याची तीन वाट्यांची रीत आजही चालेल. वाचनालयाने थोडे घालावे, पण आपल्या वर्गाप्रमाणे. 'अ' वर्गाला आणि 'ड' वर्गाला सारखी वर्गणी लावली, तर ती समानता नव्हे.

पाचवी, आणि मला सर्वांत कळीची वाटणारी : मत. आमचा सोलापूर जिल्हा सहकाराचा. सहकारी संस्थेत शंभर एकरवाल्यालाही एक मत आणि एक एकरवाल्यालाही एकच. सामायिक ग्रंथालय व्यवस्थेतही तसेच हवे, आणि ते कागदावर लिहिलेले हवे. एखाद्या वाचनालयाला बाहेर पडायचे असेल, तर आपल्या सगळ्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात सोबत नेण्याचा हक्क हवा. कोणत्या वाचकाने काय वाचले, ही माहिती मात्र ज्या त्या वाचनालयातच राहावी. ती सामायिक करायची वस्तू नव्हे.

या पाचांत यंत्र कोठेच पहिले येत नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. यंत्र विकत घेता येते, फुकटही मिळते. पाच गावांनी एका टेबलाशी बसून 'लक्षांत' लिहायचे की 'लक्षात', हे ठरवणे मात्र कोणी विकत देत नाही.

कुर्डुवाडीचे छोटे रूळ या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टप्प्याटप्प्याने उखडले गेले. आता मोठी गाडी सरळ पंढरपूरला जाते. वारकऱ्याला रुळांची रुंदी बदलते म्हणून गाठोडे घेऊन गाडी बदलावी लागत नाही. त्या बदलाला शंभरावर वर्षे लागली. पुस्तकांच्या बाबतीत एवढी वाट पाहण्याचे काही कारण नाही.

त्या कादंबरीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. बाईंनी ती वाचून परत दिली. पुढच्या परीक्षेला त्या पुन्हा बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. मी पुस्तक परत करायला गेलो, तेव्हा तिथल्या चिटणिसांच्या परवानगीने दाखल नोंदवहीत त्या नोंदीपुढे पेन्सिलीने 'लक्षात' असे अनुस्वाराविना लिहिले. माढ्याला आल्यावर आमच्या वहीतही गहाळ प्रतीच्या रकान्यात त्या गावाचे नाव घातले. दोन गावांच्या वह्यांत एकाच पुस्तकाचा एकमेकींशी जुळणारा असा तो पहिलाच उल्लेख होता. त्याला पेन्सिलीचे एक टोक आणि बारा किलोमीटरची सायकल एवढाच खर्च आला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)